चार छर्‍यांचा हिशेब

कोकणात किंवा घाटमाथ्यावर कुठल्याही गावात ‘बाराबोअर’ म्हटलं की काही समजावून सांगावं लागत नाही. रानडुकरांनी भात लोळवला की भिंतीवरून खाली उतरते ती दुनळी बंदूक. आमच्या घरीही ती होती, आजोबांच्या नावावर, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. पण यातला ‘बारा’ म्हणजे काय, असं विचारलं तर भलेभले गप्प होतात. कुणी सांगतं नळीचा व्यास, कुणी सांगतं काडतुसातल्या छर्‍यांची संख्या. मलाही तिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं; आणि तोवर मी चार वर्षं ट्रॅपच्या स्पर्धांत बार उडवत होतो!

उत्तर मोठं मजेशीर आहे. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या सारख्या बारा गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान, म्हणून वीस बोअरची नळी अरुंद. आकडा वाढला की बंदूक धाकटी. यात ४१० हा एक चुकार भाऊ आहे. तो गोळ्या मोजत नाही, इंचात बोलतो.

अमेरिकेतल्या स्कीटमध्ये या भावंडांच्या स्पर्धा वेगवेगळ्या होतात. बारा, वीस, अठ्ठावीस आणि ४१०, प्रत्येकाला शिशाची वेगळी मर्यादा. ४१०ला तर जेमतेम अर्धा औंस. ऑलिंपिकच्या खेळात अशी वाटणी नाही. बारापेक्षा मोठी बंदूक चालत नाही. लहान आणा खुशाल, पण त्याबद्दल सवलत मागू नका. मग कोण मुद्दाम लहान आणणार? म्हणजे बंदूक सगळ्यांची सारखीच. खरा नियम आहे तो काडतुसातल्या शिशाचा. पूर्वी ३२ ग्रॅम शिसं चालत असे. पुढे ते २८वर आलं आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला २४वर. छर्‍याचा व्यास २.६ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, वेगवेगळ्या मापांचे छर्रे एकत्र भरायचे नाहीत. कारखान्यात थोडं इकडेतिकडे होणारच, म्हणून अर्ध्या ग्रॅमची सूट. २४.५च्या वर मात्र काहीही नाही.

हे झालं तेव्हा जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावले होते. पाव हिस्सा शिसं गेलं, आता कसले पैकीच्या पैकी! प्रत्यक्षात काय झालं? टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, स्लोव्हाकियाच्या झुझाना श्टेफेचेकोव्हानं महिलांच्या ट्रॅपच्या पात्रता फेरीत १२५पैकी १२५ तबकड्या फोडल्या आणि पुढे सुवर्णपदकही नेलं. २४ ग्रॅममध्येच.

ट्रॅप न पाहिलेल्या वाचकांसाठी दोन शब्द. आपल्याकडे नेमबाजी म्हटली की रायफल डोळ्यांपुढे येते आणि ते स्वाभाविकही आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २०२४ साली पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवणारा स्वप्नील कुसळे, सगळे रायफलचेच. शॉटगनचं माहेर उत्तरेकडे, बिकानेरच्या कर्णीसिंहांपासूनचं. ट्रॅपमध्ये नेमबाजापुढे पंधरा मीटरवर खंदक असतो, त्यात पंधरा यंत्रं. हाक दिली की त्यातलं एखादं, कुठलं ते माहीत नसताना, तबकडी दूर फेकतं. ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची, ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास पळणारी. तिला ‘क्ले’ म्हणतात, पण माती नावालाही नसते. चुनखडी आणि डांबरासारखा राळ. डोळ्यांना दिसेल असा एक तुकडा उडाला तरी ती फुटली असं धरतात.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी राज्य पातळीवरच्या एका स्पर्धेत मी ज्यूरीवर होतो. तीन माणसं, एक टेबल, एक सुरी आणि सराफाकडे असतो तसला एक काटा. नेमबाजांच्या खिशातून मधूनच काडतुसं मागून घ्यायची, कापायची, शिसं तोलायचं. कंटाळवाणं काम. तिसर्‍या फेरीनंतर एका मुलीची काडतुसं आली. पहिलं कापलं, २४.८. दुसरं, पुन्हा २४.८. तिसरं २४.७. खोक्यावर मात्र स्पष्ट छापलेलं, २४ ग्रॅम.

मुलगी एकोणीस वर्षांची. वडील द्राक्षबागाईतदार. पहिल्या दोन फेर्‍या तिनं जुन्या खोक्यातल्या काडतुसांवर मारल्या होत्या, तिसरीला नवं खोकं फोडलं. त्या फेरीत पंचवीसपैकी तेवीस. वडील टेबलापाशी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. काट्यावरच्या वाटीतलं शिसं पाहिलं आणि विचारलं, “साहेब, जास्तीचे छर्रे किती होतात हो?”

एक छर्रा साधारण आठ सेंटिग्रॅमचा. वरचे तीन दशांश ग्रॅम म्हणजे चार छर्रे. जवळजवळ तीनशेंतले चार.

“चार,” मी म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमच्या हातातला नियम असा होता की, चुकीच्या काडतुसानं मारलेल्या तबकड्या वाया गेल्या असं धरायचं. मात्र चूक खेळाडूच्या लक्षात येणं शक्य नव्हतं आणि तिच्यापासून त्याला महत्त्वाचा फायदाही झाला नाही, असं ज्यूरीला वाटलं तर निकाल कायम ठेवता येतो. पहिली अट सरळ होती. छापील खोक्यावर विश्वास ठेवणं हा काही गुन्हा नव्हे. घोडं अडलं दुसर्‍या अटीपाशी.

मी गुणपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडला. छत्तीस-सदतीस मीटरवर घट्ट चोकच्या नळीतून सत्तर टक्के छर्रे पाऊण मीटरच्या वर्तुळात पडतात. कडेनं दिसणारी तबकडी त्या वर्तुळाचा दीडशेवा हिस्सासुद्धा नाही. म्हणजे चार जादा छर्‍यांपैकी एखादा तिला लागण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी. पंचवीस तबकड्यांत मिळून अर्धा छर्रासुद्धा नाही! पेन खाली ठेवलं आणि वाटलं, झालं, निकाल कायम.

पण त्याच हिशेबात दुसरी गोष्ट दिसत होती. शिसं नियमातलं असलं तरी कडेनं दिसणार्‍या तबकडीवर सरासरी एखादा-दीड छर्राच पडतो. तबकड्या फुटतात त्या असल्या काठावर, नशीब असेल तर एका छर्‍यानंसुद्धा. आणि या खेळात पदकं एका तबकडीनं जातात. पॅरिसमध्ये २०२४ साली स्कीटच्या मिश्र सांघिक ब्राँझच्या लढतीत महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका ४३-४४ असे चीनकडून हरले. एक तबकडी. आमच्या टेबलापासून दहा पावलांवर दुसरी एक मुलगी बंदूक पुसत उभी होती, पहिलीच्या एका तबकडीनं मागे. तिची काडतुसंही आम्ही कापली होती. २४.२ भरली होती.

ज्यूरीतले एक गृहस्थ म्हणाले, पोरीची चूक नाही, सोडून द्या. दुसरे म्हणाले, नियम तो नियम. उरलो मी. सूट अर्ध्या ग्रॅमची आहे ती नेमकी अशाच चुकांसाठी, कारखान्याच्या, छापखान्याच्या, दुकानदाराच्या. दया त्या अर्ध्या ग्रॅममध्ये आधीच मोजून घातलेली आहे. त्यावर आम्ही आणखी चार छर्रे दिले तर पुढच्या वर्षी आठ कुणाला नाकारणार? मी फेरी रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं. तेवीस तबकड्या गेल्या. मुलगी अंतिम फेरीत आली नाही.

ते मत शंभर टक्के बरोबर होतं असं मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही. तिच्यावर अन्याय झाला हे खरं, फक्त तो आमच्या टेबलावर झाला की त्या खोक्यात, एवढाच माझा प्रश्न आहे. दुकानदारानं खोकं बदलून दिलं म्हणे. फेरी कोण बदलून देणार!

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. मी पुन्हा त्याच टेबलावर. नोंदणीच्या वेळी वडिलांनी पिशवीतून एक छोटा काटा काढून दाखवला, सराफाकडून घेतलेला. प्रत्येक खोक्यातलं एक काडतूस घरी कापून, वजन खोक्यावर पेन्सिलीनं लिहून आणलं होतं. मुलीनं खिशातून दोन काडतुसं काढून माझ्यापुढे ठेवली.

“सर, ही तुम्हीच कापा.”

एक २४.१ भरलं, दुसरं २३.९.