अठराशे रूबलांची झापरोझेत्स

सोव्हिएत सरकारने सामान्य माणसाला मोटार दिली ती काहीशा नाइलाजाने. १९५९ साली निकिता ख्रुश्चेव्ह उघडपणे सांगत होते, की अमेरिकेसारख्या घरोघरी मोटारी आपल्याला नकोत. भाड्याने देता येतील अशा मोटारींचे सरकारी ताफे असले की भागेल. नेमक्या त्याच सुमारास युक्रेनमधल्या झापोरिझिया शहरातला ‘कोम्युनार’ हा शेतीयंत्रांचा जुना कारखाना छोट्या मोटारीच्या तयारीला लागला होता. नोव्हेंबर १९६० मध्ये तिथून झाझ-९६५ बाहेर पडू लागली. लोकांच्या तोंडी ती राहिली झापरोझेत्स म्हणून.

आराखड्याला आधार होता इटलीच्या फियाट-६०० चा. (आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातही तेव्हा फियाटच बनत होती, पण ती वेगळी, मोठी ११००.) तरी झापरोझेत्सला निव्वळ नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. फियाटचे इंजिन पाण्याने थंड होणारे, सरळ रांगेतल्या चार सिलिंडरांचे. इथे मागच्या बाजूला बसवले ते मेलितोपोलमध्ये घडवलेले, हवेने थंड होणारे व्ही-आकाराचे चार सिलिंडरांचे इंजिन. चाकेही मोठी घेतली, १३ इंची. रस्तेच तसे होते. पहिल्या इंजिनाची क्षमता ७४६ घन सेंटीमीटर. पळण्यात गाडी यथातथाच, पण रेडिएटरच नसल्याने कडाक्याच्या थंडीत पाणी गोठायची भीती नाही. इतर गाड्यांचे मालक हिवाळ्यात रात्री रेडिएटर रिकामा करायचे आणि सकाळी गरम पाणी ओतायचे. झापरोझेत्सवाल्याला तो व्याप नव्हता. मात्र इंजिनाची ऊब आयती आत येत नसल्याने बसणाऱ्यांसाठी पेट्रोलवर जळणारा वेगळा हीटर होता. तो पेट्रोल खायचा, वास सोडायचा आणि कधीकधी रुसायचाही. उन्हाळ्यात चढणीला इंजिन तापायचे, ते वेगळेच.

किंमत १,८०० रूबल. सरासरी पगार महिन्याला ८० रूबलांच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची कमाई. तरीही बाजारात याहून स्वस्त मोटार नव्हती. महायुद्धात पाय गमावलेल्यांसाठी नुसत्या हातांनी चालवता येणाऱ्या झापरोझेत्स काढल्या, आणि मला वाटते, या गाडीची खरी कर्तबगारी तिथेच आहे. त्याआधी या लोकांच्या वाट्याला यायची ती मोटारसायकलच्या इंजिनावर धावणारी दोन आसनी डबी. त्यापुढे झापरोझेत्स म्हणजे कुटुंबाला घेऊन गावी जाता येईल अशी खरीखुरी मोटार.

लोकांनी मात्र तिला टोपणनावांनी हैराण केले. पहिली गोलसर गाडी ‘कुबडी’. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या ९६६ ला इंजिनाला हवा मिळावी म्हणून मागे दोन्ही बाजूंना हवेची तोंडे काढली होती. ती झाली ‘मोठ्या कानांची’. पुढे ९६८एम मध्ये ते कान गेले, गाडी चपटी-चौकोनी झाली आणि ‘साबणदाणी’ ठरली. विनोदांना तर तोटाच नव्हता. पण हसणाऱ्यांपैकी कित्येकांना स्वतःच्या गाडीसाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागत होते, हेही विसरायला नको. व्लादिमीर पुतिन यांची पहिली मोटार झापरोझेत्सच. ती आईला लॉटरीत लागली, असे त्यांनीच सांगितले आहे.

१९७० पासून तोल्यात्तीच्या नव्या कारखान्यातून झिगुली येऊ लागली. तीही फियाटवरच बेतलेली, पण तिच्यासाठी फियाटशी रीतसर करार केलेला. झिगुली आली आणि झापरोझेत्सची पत घसरली. चार पैसे गाठीशी असलेला तिकडे वळला. इकडे उरले ते पेन्शनर, खेड्यातले मास्तर आणि सुटे भाग जमवून स्वतः दुरुस्ती करणारे हौशी. खुद्द कारखान्यानेही १९८७ मध्ये पुढच्या चाकांना ओढ देणारी ‘ताव्रिया’ काढली. तरी जुनी साबणदाणी तिच्या जोडीने बनतच राहिली. सोव्हिएत संघ मोडला, त्यानंतरही ती थांबली नाही. थांबली थेट १९९४ मध्ये. तोवर सगळ्या नमुन्यांच्या मिळून सुमारे ३४ लाख झापरोझेत्स बाहेर पडल्या होत्या.

वर्षभरातच ती जेम्स बाँडच्या ‘गोल्डनआय’मध्ये दिसली. सेंट पीटर्सबर्गमध्ये बाँडला घ्यायला आलेल्या अमेरिकी हेराची निळी ‘कुबडी’ वाटेत बंद पडते आणि तो शेवटी हातोडा मारून ती चालू करतो. जगभरचे प्रेक्षक हसले असतील. जुन्या मालकांना त्यात विनोद कमी आणि ओळखीची दुरुस्तीच जास्त दिसली असणार.