एका सर्व्हरवर दोन ‘न्यूज’: मेलमनची नावांची अडचण

ग्नू मेलमन हे मेलिंग लिस्ट चालवणारे, पायथनमध्ये लिहिलेले मुक्त सॉफ्टवेअर. जॉन व्हिएगा यांनी ते सुरू केले आणि बॅरी वॉर्सा यांनी पुढे अनेक वर्षे सांभाळले. २००२ च्या अखेरीस आलेली त्याची २.१ ही आवृत्ती असंख्य सर्व्हरवर ठाण मांडून बसली. एका सर्व्हरवर अनेक डोमेन ती चालवू शके. पण एका डोमेनवर ‘न्यूज’ नावाची लिस्ट असली, की दुसऱ्या डोमेनला ते नाव मिळत नसे. नवी लिस्ट उघडायला गेले की ‘लिस्ट आधीच अस्तित्वात आहे’ एवढेच उत्तर येई.

याचे मूळ साठवणुकीत होते. प्रत्येक लिस्टची माहिती तिच्या नावाच्या फोल्डरमध्ये राही आणि त्या नावात डोमेन नसे. अर्काइव्हचेही तेच. पत्र पोचवण्याच्या वाटेवरही डोमेन गळून पडे. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर पूर्ण पत्ता बघून पत्र स्थानिक नावाकडे वळवी, आणि एलियस फाइलमध्ये ‘@’च्या डावीकडचाच भाग असे. तिथे एकेका लिस्टच्या दहा ओळी: मूळ नाव आणि ‘-ओनर’, ‘-बाउन्सेस’, ‘-जॉइन’ यांसारखी शेपटे लावलेली नऊ.

सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी पळवाटा काढल्या. सर्वांत सोपी म्हणजे आत वेगळे नाव ठेवायचे, बाहेर ‘न्यूज’ दाखवायचे. सीपॅनेल हे होस्टिंगचे नियंत्रण-पॅनेल नावापुढे डोमेन जोडून हेच करी. पण हाताने केले तर सोंग लवकर उघडे पडे. ‘न्यूज’च्या पत्त्यावर आलेल्या पत्रात मेलमनला लिस्टचा आतला पत्ता दिसत नसे, त्यामुळे ‘पत्र लिस्टला उद्देशून नाही’ असे समजून ते मंजुरीसाठी अडकून राही. बाहेरचा पत्ता मान्य पत्त्यांच्या यादीत घातला की ते सुटे. पण हेडरमधले आतले नाव निस्तरायला आणखी खटपट लागे.

दुसरी वाट म्हणजे डोमेनगणिक स्वतंत्र मेलमन बसवणे. काम चोख होई, पण एका मेलमनसोबत आठ रनर प्रक्रिया चालत; दहा डोमेन म्हणजे ऐंशी. शिवाय प्रत्येक सुधारणा दहादा बसवायची. दोनतीन डोमेनपुरती हीच वाट बरी होती.

खरा उपाय २०१५ च्या एप्रिलमध्ये मेलमन ३ घेऊन आले. इथे लिस्टची ओळख पूर्ण पत्त्याने ठरते, माहिती डेटाबेसमध्ये राहते आणि पोस्टफिक्स एलएमटीपी या प्रोटोकॉलने, सहसा ८०२४ पोर्टवर, पूर्ण पत्त्यासह पत्र देतो. त्यामुळे दोन ‘न्यूज’ शेजारी शेजारी नांदतात. सभासदाची नोंदही डोमेनगणिक वेगळी करावी लागत नाही. प्रत्येक लिस्टला नाव आणि डोमेन टिंबाने जोडून एक लिस्ट-आयडी मिळतो. पुढे पत्ता बदलला तरी तो तसाच राहतो. मात्र लिस्टच्या नावातच टिंब असेल, तर दोन वेगळ्या पत्त्यांचे आयडी सारखे होऊ शकतात. म्हणून नावात टिंब न घालणे श्रेयस्कर.

जुन्यातून नव्यात येताना पूर्ण पत्त्याने नवी लिस्ट उघडतात आणि ‘इम्पोर्ट२१’ आज्ञेने जुनी कॉन्फिग फाइल तिच्यात ओततात. टोपणनावाने जगलेल्या लिस्टला इथे तिचे हक्काचे नाव देता येते. अर्काइव्ह वेगळ्या आज्ञेने हायपरकिटी या मेलमन ३ च्या अर्काइव्ह-व्यवस्थेत न्यावे लागते. जुन्या दुव्यांपुरती मात्र जुन्या अर्काइव्हची पाने जागच्या जागी ठेवावी लागतात.