हृदयाचा जन्मजात दोष

मुठीएवढें हृदय आईच्या उदरांतच कामास लागतें आणि अखेरच्या श्वासापर्यंत विसांवा घेत नाहीं. त्याची उजवी बाजू अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे पाठविते; डावी बाजू शुद्ध रक्त सर्व शरीरास पुरविते. गर्भावस्थेच्या आरंभीं ही रचना घडत असतां कोठें मधल्या पडद्यास छिद्र राहतें, कोठें झडप अरुंद होते. हजार नवजात बालकांपैकीं सुमारें आठ-नऊ जणांत असा दोष आढळतो.

बहुधा त्याचें निश्चित कारण सांगतां येत नाहीं. आईनें ग्रहण पाळलें नाहीं म्हणून असें झालें, हा समज निराधार होय. त्या माउलीस बोल लावणें अन्यायाचें आहे.

लक्षणें मात्र ओळखतां येतात. तान्हें मूल अंगावर पितांना थकतें, त्याच्या कपाळास घाम येतो, वजन वाढत नाहीं, छाती वारंवार भरते. कांहीं मुलांचे ओठ, जीभ व नखें निळसर दिसतात. अशा मुलानें चालतां चालतां उकिडवें बसणें हा आळस नव्हे. तसें बसल्यानें फुप्फुसांकडे अधिक रक्त जाऊन त्यास आराम पडतो.

पूर्वीं ह्या नील बालकांस उपाय नव्हता. सन १९४४ मध्यें अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें डॉ. हेलन टॉसिग ह्यांच्या कल्पनेवरून डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक ह्यांनीं एका बालिकेवर शस्त्रक्रिया केली. तिची रीत प्रयोगशाळेंत बसविणारे विव्हियन थॉमस ह्यांजवळ वैद्यकाची पदवीहि नव्हती! आज कित्येक लहान छिद्रें आपोआप बुजतात. कांहीं मांडीच्या शिरेंतून नळी घालून बंद करितां येतात. बाकीच्यांस शस्त्रक्रिया लागते.

सन २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचीं पथकें शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांची विनामूल्य तपासणी करितात. भोकर व आसपासच्या पालकांस आमची विनंती कीं, त्या दिवशीं मुलास घरीं ठेवूं नये. शंका आल्यास सरकारी रुग्णालयांत दाखवावें व सांगितल्यास नांदेडला न्यावें. मुलीच्या छातीवर वण राहील, तिचें लग्न कसें जमेल, ह्या भीतीनें उपचार लांबविणें म्हणजे तिचें आयुष्यच पणास लावणें होय.

उपचारानंतरहि वेळोवेळीं तपासणी करवावी. दांत स्वच्छ ठेवावे. किडक्या दांतांतील जंतु रक्तावाटे हृदयास बाधतात. किती खेळावें हें डॉक्टरांस विचारावें व तें शिक्षकांस कळवावें.

आणि विद्यार्थ्यांनो, धापा टाकणाऱ्या सोबत्यास हंसूं नका. त्याचें दप्तर घ्या, त्याच्या पावलानें चाला, आणि त्याचा त्रास शिक्षकांच्या कानांवर घाला.