'वर्गीस' या नावाची व्युत्पत्ती

तुमच्या वर्गात केरळचा एखादा वर्गीस असेल, एखादा जॉर्जही असेल. ही दोन वेगळी नावे नाहीत; एकाच नावाची दोन रूपे आहेत.

मूळ ग्रीक नाव गेओर्गिओस. ते 'गेओर्गोस', म्हणजे शेतकरी, या शब्दावरून आले. त्यात 'गे' म्हणजे जमीन आणि 'एर्गोन' म्हणजे काम. यातला एर्गोन तुम्हाला अनोळखी नाही. सीजीएस पद्धतीतले ऊर्जेचे एकक 'अर्ग' (१ ज्यूल म्हणजे १ कोटी अर्ग) त्यावरूनच घेतले आहे. 'एनर्जी'ही त्यातलीच.

आता उच्चार पाहा. अर्गमध्ये ग आहे, एनर्जीमध्ये ज. वर्गीस आणि जॉर्ज यांच्यातही हाच फरक आहे. ग्रीक नाव लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेले, तिथे ग मऊ झाला आणि इंग्रजीला 'जॉर्ज' मिळाले. केरळला मात्र ते सिरियाक भाषेतून आले. तिथल्या संत थॉमस परंपरेच्या ख्रिस्ती समाजाची उपासनेची भाषा शतकानुशतके सिरियाक होती. सिरियाकमध्ये रूप झाले 'गिवर्गिस': ग शाबूत राहिला आणि मध्ये व आला. मल्याळममध्ये त्याचे गीवर्गीस झाले. पुढे पहिले अक्षर गळून वर्गीस उरले. पूर्ण रूपही टिकून आहे. परुमलाचे संत गीवर्गीस मार ग्रेगोरिओस (१८४८-१९०२) हे त्याचे ठळक उदाहरण. आणि रोमन स्पेलिंग पाहून देवनागरीत 'वर्घीस' लिहू नका. मल्याळममध्ये तिथे ग आहे, घ नाही.

हे मुळात व्यक्तिनाव, आडनाव नव्हे. केरळच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांत मुलाच्या नावानंतर वडिलांचे नाव लावतात. वर्गीस कुरियन यांच्या नावातले कुरियन हे वडिलांचे. तेही ग्रीकच: 'किरियाकोस', म्हणजे प्रभूचा, यावरून कुरियाकोस आणि त्याचे लघुरूप कुरियन. गिंडीच्या कॉलेजात मेकॅनिकल शिकलेले हे वर्गीस १९४९ मध्ये आणंदला आले आणि आयुष्यभर शेतकऱ्यांच्या दूध संघांचे काम करत राहिले. योगायोगच, पण छान!

मी स्वतः एका विद्यार्थ्याला सत्रभर 'वर्गीस' अशी हाक मारत होतो. हजेरीपटात शेवटी तेच होते ना! ते त्याच्या वडिलांचे नाव. त्याने हे सांगितले शेवटच्या तासाला, आणि तेसुद्धा मी विचारल्यावर.