पर्यावरणस्नेही विद्युतरोधक वायुमिश्रणे

उच्च विद्युतदाबाच्या उपकरणांत सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूऐवजी वापरल्या जाणाऱ्या, जागतिक तापनावर तुलनेने अल्प परिणाम करणाऱ्या वायूंच्या मिश्रणांना पर्यावरणस्नेही विद्युतरोधक वायुमिश्रणे म्हणतात.

पार्श्वभूमी

सल्फर हेक्झाफ्लोराइडचा शोध आंरी म्वासाँ व पॉल लेबो यांनी १९०१ मध्ये लावला. हा वायू बिनविषारी व अज्वलनशील असून त्याचे विद्युतरोधी सामर्थ्य हवेच्या सुमारे अडीचपट आहे. सर्किट ब्रेकर उघडताना निर्माण होणारी विद्युत प्रज्योत (आर्क) तो त्वरित विझवतो आणि विघटित झालेले त्याचे रेणू बहुतांशी पुन्हा जुळतात. मात्र, शंभर वर्षांच्या कालावधीत त्याची तापनक्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २३,५०० पट असते. १९९७ च्या क्योटो करारात त्याचा समावेश झाला.

मिश्रणाची आवश्यकता

उत्तम विद्युतरोधी वायूंचे रेणू सहसा जड असतात व ते तुलनेने उच्च तापमानालाच द्रवरूप होतात. फ्लोरोनायट्राइल (सी४-एफएन) या वायूचे विद्युतरोधी सामर्थ्य सल्फर हेक्झाफ्लोराइडच्या जवळपास दुप्पट आहे. परंतु त्याचा उत्कलनबिंदू सुमारे −५° से. असल्याने थंड प्रदेशांत तो एकटा वापरता येत नाही. म्हणून त्याचे अल्प प्रमाण कार्बन डायऑक्साइड व ऑक्सिजन यांत मिसळतात.

प्रमुख प्रकार

* फ्लोरोनायट्राइल मिश्रणे : शुद्ध घटकाची तापनक्षमता दोन हजारांहून अधिक असली, तरी मिश्रणाची काही शेकड्यांपर्यंत उतरते.
* फ्लोरोकीटोन मिश्रणे : सी५-एफके या घटकाची तापनक्षमता एकपेक्षा कमी आहे, मात्र उत्कलनबिंदू सुमारे २७° से. असल्याने ती मुख्यतः बंदिस्त जागेतील उपकरणांना सोयीची ठरतात. झुरिकमधील एका उपकेंद्रात २०१५ मध्ये त्यांचा प्रायोगिक वापर सुरू झाला.
* शुष्क हवा : यात सुमारे ८० टक्के नायट्रोजन व २० टक्के ऑक्सिजन असतो. प्रज्योत विझवण्याचे काम निर्वात खंडक करतो. हवेचे विद्युतरोधी सामर्थ्य कमी असल्याने उपकरणाचा आकार किंवा आतील दाब वाढवावा लागतो.

मर्यादा

प्रज्योतीमुळे विघटित झालेले फ्लोरोनायट्राइल व फ्लोरोकीटोन पूर्ववत होत नाहीत; त्यांपासून कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी पदार्थही तयार होतात. शिवाय, हे दोन्ही घटक प्रचलित व्याख्येनुसार पर्यावरणात दीर्घकाळ टिकणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या गटात मोडतात.

नियमन

युरोपीय संघाच्या २०२४ च्या नियमानुसार २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये फ्लोरिनयुक्त हरितगृह वायूंच्या वापरावर १ जानेवारी २०२६ पासून, काही अपवाद वगळता, बंदी आहे. अधिक विद्युतदाबाच्या उपकरणांसाठी त्यापुढील मुदती ठरवल्या आहेत.