पब्लिकच्या उलट पैसे लावले तर खरेच फायदा होतो? समजून घ्या गणित

कोल्हापूर : शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ विरुद्ध पाटाकडील तालीम सामना असला की जिंकणार कोण, याचे उत्तर माणूस कोणत्या पेठेचा यावर ठरते. क्रिकेटमध्ये हेच देशभर घडते. म्हणूनच आयपीएलच्या दिवसांत मोबाइलवर एक सल्ला फिरतो : ‘पब्लिक जिकडे, त्याच्या उलट लाव.’ ऐकायला हुशारीचा वाटणारा हा सल्ला खिशाला परवडतो का?

कल्पना काय आहे?
लोक मनाने पैसे लावतात. लाडक्या संघावर जास्त पैसे आले की बुकी त्याचा भाव कमी करतो आणि समोरच्या संघाचा वाढवतो. हा वाढीव भाव म्हणजे स्वस्तात मिळालेला माल, असा यामागचा तर्क. १९ नोव्हेंबर २०२३ चा वर्ल्डकप फायनल आठवा. सलग १० सामने जिंकलेला भारत हॉट फेव्हरिट होता. कप ऑस्ट्रेलियाने नेला.

मग गडबड कुठे?
असे निकाल लक्षात राहतात, फेव्हरिट जिंकलेले सामने विसरले जातात. शिवाय बुकी आपला हिस्सा भावातच कापून घेतो.

समजा, लाडक्या संघावर १०० रुपयांना ७० रुपये नफा मिळतो आणि दुसऱ्यावर ११०. दुसरा संघ १०० पैकी ४५ सामने जिंकला, तर दर वेळी १०० रुपये लावणाऱ्याला ४,९५० रुपये मिळतात आणि ५,५०० जातात. म्हणजे ५५० रुपयांचा तोटा. नुसती बरोबरी साधायलाही १०० पैकी जवळपास ४८ सामने जिंकावे लागतात.

गर्दी नेहमी फेव्हरिटकडेच असते?
नाही. घोड्यांच्या शर्यतींच्या अभ्यासांत अनेक ठिकाणी उलटे दिसले आहे. मोठ्या भावाच्या मोहाने लोक कमजोर घोड्यावरच प्रमाणापेक्षा जास्त पैसे लावतात. तिथे कमजोरावर लावणे म्हणजे गर्दीतच उभे राहणे.

कंबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये पात्रता फेरीत सातवा होता. फायनलमध्ये त्याने ब्राँझ जिंकले. कमजोर समजला जाणारा जिंकतो, यात शंका नाही. पण कधी जिंकेल, हे भाव सांगत नाही.

कायदा काय म्हणतो?
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. असे ॲप चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध १८८७ पासूनच कायदा आहे. शिवाय १८७२ च्या करार कायद्यानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे बुकीने जिंकलेले पैसे बुडवले, तर कोर्टात दाद मागता येत नाही.

हे लक्षात ठेवा
- ‘फिक्स टिप’ विकणाऱ्याची कमाई टिप विकण्यातून होते.
- गेलेले पैसे भरून काढायला डाव दुप्पट करू नका. कर्ज तिथूनच वाढते.
- ऑनलाइन फसवणूक झाल्यास लगेच १९३० वर कॉल करा.
- सवय सुटत नसेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मोफत बोलता येते.