लहान विमान, मोठी परीक्षा

मंडळी, जत्रेतून आणलेले विमान घेऊन पोर अंगणात पळते, धडपडते आणि विमानाचा पंख मोडतो. आपण म्हणतो, ‘खेळणंच ते, मोडलं तर मोडलं!’ विमानविद्येत या वाक्याला फार किंमत आहे. खऱ्या विमानाबद्दल तसे म्हणायची सोय नाही, कारण त्यात माणूस बसलेला असतो. नव्या घडणीचे विमान पहिल्यांदा आकाशात नेणाऱ्या वैमानिकाला ते हवेत कसे वागेल हे पुरते ठाऊक नसते, आणि ते कळून घेताना कित्येकांनी प्राण गमावले आहेत. म्हणून संशोधक जमिनीवरून बिनतारी यंत्राने चालवता येतील अशी छोटी विमाने बांधतात आणि जे मोठ्या विमानाला करू देणे धोक्याचे, ते या छोट्याला करू देतात.

तुम्ही विचाराल, वासरू पाहून बैलाचे बळ सांगता येते का? शंका रास्त आहे. तिचे उत्तर ‘येते, पण हिशेबाने’ असे आहे. तो हिशेब पुढे पाहू. आधी एक हकीकत सांगतो.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मोहावी नावाचे वाळवंट आहे. तेथे एडवर्ड्‌स येथे, मैलोगणती सपाट अशा कोरड्या तळ्याच्या काठी, ‘नासा’ या संस्थेचे उड्डाण-संशोधनाचे केंद्र आहे. १९६२ साली डेल रीड नावाचे अभियंते तेथे काम करीत होते. त्या काळचा मोठा प्रश्न असा, की अवकाशातून परतणारे यान वातावरणात शिरताना भयंकर तापते. पातळ पंख त्या आगीत टिकायचे नाहीत. मग पंखच नको! गाजर उभे चिरून सपाट बाजू वर ठेवावी तसा काहीसा आकार करायचा, म्हणजे त्या अंगालाच हवा उचलून धरील. कागदावर हे जुळत होते. परंतु बिनपंखी विमानात बसायला कोण धजणार, आणि कोणाला बसवायला वरिष्ठ तरी कसे धजणार?

रीड यांना छोट्या विमानांचा नाद होता. त्यांनी आधी कागदाचा नमुना केला, मग दोन फूट लांबीचा केला. पाच फूट पंखांच्या एका बिनतारी विमानावर लादून तो त्यांनी वर नेला आणि सोडून दिला. नमुना कोलांट्या न खाता सरळ तरंगत खाली आला. त्यांच्या पत्नीने घरच्या कॅमेऱ्याने त्याचे चलच्चित्र घेतले, ते वरिष्ठांना दाखवण्यात आले, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये कामाला संमती मिळाली.

दोन फुटांच्या खेळण्यावर विसंबून कोणी थेट आकाशात गेले नाही, बरे का! प्लायवूडचे पूर्ण आकाराचे यान बांधले गेले. ते वाऱ्याच्या प्रचंड बोगद्यात ठेवून तपासले, मग तळ्याच्या मैदानावर मोटारीला दोर लावून पुन्हापुन्हा ओढले. १६ ऑगस्ट १९६३ रोजी डाकोटा विमानाने ते उंच नेऊन सोडले आणि मिल्ट थॉम्पसन या वैमानिकाने ते सुखरूप उतरवले. या कुळातील यानांची उड्डाणे १९७५ पर्यंत चालली. स्पेस शटल हे अवकाशयान पुढे इंजिनाच्या मदतीवाचून धावपट्टीवर उतरू लागले, त्यामागे हा सगळा अनुभव होता.

त्याच शटलची आणखी एक गंमत. ते जंबो विमानाच्या पाठीवर बसवून वर न्यायचे आणि हवेतच सोडायचे ठरले. सुटताना ते मागच्या शेपटावर आदळले तर? ह्यूस्टन येथील जॉन कायकर या अभियंत्यांनी दोन्ही विमानांचे चाळिसाव्या हिश्श्याचे बिनतारी नमुने करून, ती एकमेकांपासून नीट सुटतात हे उडवून दाखवले. खरे शटल जंबोच्या पाठीवरून प्रथम सुटले ते १२ ऑगस्ट १९७७ रोजी.

आता हिशेब. गुरुजींनी हा भाग वर्गात करून दाखवावा. दोन सारखे दगड घ्या. एक चार हात दोरीला बांधा, दुसरा एक हात दोरीला, आणि दोन्हींना हलका झोका द्या. लांब दोरीचा दगड एकदा जाऊन येतो तेवढ्यात आखूड दोरीचा दोनदा जाऊन येतो. लांबी चौथाई झाली, पण वेळ मात्र निम्माच झाला. चारचे वर्गमूळ दोन. हाच नियम विमानाला लागतो. चौथाई आकाराचा नमुना मोठ्या विमानाच्या निम्म्या वेगाने उडवायचा असतो, आणि त्याचे डुलणे, कलणे, गिरकी घेणे दुप्पट झपाट्याने होते. म्हणून नमुन्याच्या उड्डाणातून मोठ्या विमानाविषयी बोलायचे तर घड्याळाचे आकडे दुप्पट करून वाचायचे.

वजनाचे निराळे. चौथाई आकार म्हणजे चौथाई वजन असे पुष्कळांना वाटते, पण लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही चौथाई झाल्यावर वजन चौसष्टावा हिस्सा हवे. एवढ्यानेही भागत नाही. खांद्यावर कावड घेऊन गर्रकन वळून पाहा. तेच ओझे डोक्यावर एकत्र असेल तर वळणे सोपे जाते, कारण वजन तेवढेच असले तरी ते कुठे आहे यावर वळण्याची चाल ठरते. म्हणून संशोधक नमुन्यात मोजूनमापून ठिकठिकाणी शिसे बसवतात. हुबेहूब रंग दिलेले शोभेचे विमान कितीही देखणे असो, हे केलेले नसेल तर संशोधनाला ते फुकट आहे.

या हिशेबाने केलेले मोठे काम एडवर्ड्‌सलाच झाले. एफ-१५ या लढाऊ विमानाचा तीन-अष्टमांश आकाराचा नमुना बांधण्यात आला. म्हणजे मोठ्याचे आठ फूट तिथे याचे तीन फूट. विमानाने नाक फार वर केले की पंखांवरची हवा सुटते, आणि कधी कधी विमान भोवऱ्यासारखे गरगरत खाली येऊ लागते. त्यातून ते सावरते का, हे पाहायचे होते. पूर्ण आकाराच्या विमानाला तेव्हा अडुसष्ट लाख डॉलर पडत, तर नमुन्याला अडीच लाख. १२ ऑक्टोबर १९७३ रोजी मोठ्या बॉम्बफेकी विमानाच्या पंखाखालून तो प्रथम सोडला गेला. वैमानिक आयनार एनेव्होल्डसन जमिनीवरच्या खोलीत पडद्यासमोर बसून तो चालवत होते.

आता गंमत पाहा. आकाशातल्या परीक्षेच्या वेळी वैमानिकाची नाडी मिनिटाला सत्तर-ऐंशी चाले. जमिनीवर, जिवाला काही धोका नसताना, ती एकशे तीस-चाळीसवर गेली! मला तरी यात नवल वाटत नाही. विमानात बसलेल्याला कलणे, दचकणे सारे अंगाने कळते. इथे सर्व काही डोळ्यांनीच ओळखायचे. शिवाय मोठ्या विमानाला ज्याला आठ सेकंद लागतील ते या नमुन्यात पाचच सेकंदांत उरकते.

ही घाई नमुना लहान होत जाईल तशी वाढते. अमेरिकेतच व्हर्जिनिया राज्यात लँगली येथे, प्रवासी विमान वैमानिकाच्या हाताबाहेर गेले तर काय होते, याचा अभ्यास या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत झाला. उतारूंनी भरलेले विमान कोणी मुद्दाम तसे करून पाहणार नाही. तेथे नमुना होता शंभर फुटांना साडेपाच फूट या प्रमाणाचा, दोन चिमुकल्या जेट इंजिनांचा. त्याच्या हालचाली मोठ्या विमानाच्या चौपटीहून जलद. त्यातून मिळालेली माहिती वैमानिकांना शिकवणाऱ्या जमिनीवरच्या यंत्रांत घालण्याच्या कामी येते, म्हणजे असा प्रसंग त्यांना आधी जमिनीवर भेटावा.

मात्र छोट्याचे प्रत्येक बोलणे खरे धरू नये. दगड हातातून सोडला की धाडकन पडतो. त्याच दगडाची बारीक पूड हवेत कितीतरी वेळ तरंगते. हवेला थोडा चिकटपणा आहे, आणि वस्तू लहान तितका तो तिला जास्त जाणवतो. त्यामुळे लहान पंखावरची हवा मोठ्या पंखापेक्षा लवकर सुटू शकते, आणि हवेचा अडथळाही प्रमाणाबाहेर भासतो. ध्वनीच्या वेगाजवळ हवा दाबली जाऊन जे प्रकार होतात, तेही हळू उडणाऱ्या नमुन्यात दिसत नाहीत. विमान कसे डुलते, कसे सावरते हे छोट्याला विचारावे. तेल किती लागेल हे त्याला विचारू नये. त्यासाठी वाऱ्याचा बोगदा आणि गणकयंत्र आहेच.

शाळेत बिनतारी विमान कुठून आणायचे? त्याची गरज नाही. वहीच्या जाड पुठ्ठ्याचे साधे विमान कापा आणि नाकाला कागदाची टाचणी लावा. टाचणी नसेल तर ते नाक वर करून थबकते आणि कोसळते. फार पुढे वजन झाले तर सरळ जमिनीत घुसते. टाचणी बोटभर मागेपुढे सरकवीत प्रत्येक जागी दहा-दहा वेळा उडवा आणि अंतर पावलांनी मोजून वहीत लिहा. कोसळलेली उड्डाणे गाळू नका. हा प्रयोग सकाळी, वारा पडलेला असताना करावा. दुपारच्या वाऱ्यात एक उड्डाण दुसऱ्याशी ताडून पाहता येत नाही.